केमोच्या पहिल्या डोसाआधी: लिम्फोमा झालेल्या वयस्क माणसाला काय त्रास होईल, हे आधी कसं ओळखायचं

क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीतला आकडा, १.०. लॅबच्या कागदावर त्या आकड्यापुढे कुठलीच खूण नव्हती, म्हणजे सगळं ठीक. खानापूर तालुक्यातल्या त्या आजी ७४ वर्षांच्या, वजन ४२ किलो. मानेतल्या गाठीची बायोप्सी झाली, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) निघाला, पहिला डोस सुरळीत लागला. अकराव्या दिवशी पहाटे अंग तापलं. घरच्यांनी तापाची गोळी दिली, दुपारची बस धरली, आणि वॉर्डात पोचल्या तेव्हा वरचं बीपी ७० वर आलं होतं. आजी वाचल्या, पण बावीस दिवस ॲडमिट होत्या. त्या दिवसांत सून एकदा सहज बोलून गेली, "आषाढात दोनदा पडल्या होत्या की गोठ्यात. आणि ऐकायला कमीच येतंय त्यांना. खरं आम्हाला कोण विचारलंच नाही."

विचारायला हवं होतं. न विचारणाऱ्यांत मीही होते. एकोणीस वर्षं मी बेळगाव भागात केमोच्या वॉर्डात नर्स म्हणून काम केलं आणि ते वाक्य तेव्हापासून माझ्याजवळ आहे. वयस्क माणसाला केमो किती झेपेल याची बरीचशी माहिती रिपोर्टांत नसते, घरात असते. डॉक्टर रुग्णाला दहा मिनिटं बघतात, तेही खुर्चीत बसलेलं. तो उठतो कसा, रात्री बाथरूमला जाताना भिंत धरतो का, गोळ्या कोण काढून देतं, हे घरच्यांनाच ठाऊक. ते कसं टिपायचं आणि डॉक्टरांसमोर कसं मांडायचं, ते मी इथे क्रमाने सांगते. औषध आणि डोस डॉक्टरच ठरवतील. त्यांनी नीट ठरवावं म्हणून लागणारी माहिती मात्र तुम्ही द्यायची आहे.

पहिली पायरी: औषधांची नावं लिहून घ्या

"केमो" हे एका औषधाचं नाव नाही. कुठल्या प्रकारचा लिम्फोमा आणि कुठली औषधं हे कळल्याशिवाय त्रासाचा अंदाज बांधता येत नाही. डॉक्टरांना सरळ विचारा आणि नावं मराठीत लिहून घ्या. स्पेलिंग चुकलं तरी चालेल.

वयस्कांमध्ये सर्वांत जास्त आढळतो तो डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा. तो भराभर वाढतो, पण पूर्ण बराही होऊ शकतो, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते. त्यावर सहसा 'आर-चॉप' देतात: पाच औषधं, २१ दिवसांनी एकदा, बहुधा सहा वेळा. त्यातल्या प्रत्येक औषधाची खोड वेगळी.

रिटुक्सिमॅबमुळे पहिल्याच दिवशी सलाईन चालू असताना थंडी वाजते, कधी बीपी उतरतं. म्हणून पहिला डोस अगदी हळू सोडतात आणि अख्खा दिवस जातो. सायक्लोफॉस्फामाइड संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी पाडतं आणि मूत्राशयाला झोंबतं. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध. लघवी एक-दोन दिवस लालसर होते, ते रक्त नव्हे. मात्र हृदयावर त्याचा ताण येतो. व्हिनक्रिस्टीन नसांवर जातं: बोटांना मुंग्या, पाय बधिर, आणि वयस्कांत सगळ्यात छळणारा त्रास म्हणजे संडासला न होणं. पाचवं प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टिरॉइडच्या गोळ्या, पाच दिवस. त्यांनी शुगर चढते आणि झोप उडते.

हॉजकिन लिम्फोमा असेल तर औषधं वेगळी. त्यातलं ब्लिओमायसिन फुफ्फुसांना इजा करू शकतं आणि साठीनंतर तो धोका वाढतो. निपाणीकडच्या तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलेला किंवा चाळीस वर्षं बिडी ओढलेला माणूस असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगा. "आता सोडलीय" एवढं पुरत नाही. किती वर्षं ओढली आणि चढावर धाप लागते का, तेही सांगा.

दुसरी पायरी: घरातली तपासणी

डॉक्टरांकडे या कामासाठी ठरलेल्या प्रश्नावल्या आहेत. अमेरिकेत डॉ. आरती हुरिया यांच्या गटाने ६५ वर्षांवरच्या ५०० रुग्णांना केमोआधी काही साधे प्रश्न विचारले, मग गंभीर त्रास कोणाला झाला ते पाहिलं आणि २०११ मध्ये त्यातून गुण मोजायची पद्धत मांडली. तिला 'कार्ग' म्हणतात. ती मुळात घट्ट गाठींच्या, म्हणजे फुफ्फुस, स्तन, आतडं अशा कॅन्सरच्या रुग्णांवर बेतलेली आहे. लिम्फोमासाठी तिचे आकडे जसेच्या तसे धरू नका, पण तिने विचारलेल्या गोष्टी इथेही तितक्याच कामाच्या आहेत.

गुण असे आहेत. वय ७२ किंवा जास्त असेल तर २. पूर्ण मात्रेचा डोस ठरला असेल तर २. एकापेक्षा जास्त केमोची औषधं असतील तर २. हिमोग्लोबिन पुरुषात ११ च्या किंवा बाईत १० च्या खाली असेल तर ३. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता ३४ च्या खाली असेल तर ३ (मूळ अभ्यासातलं सूत्र थोडं वेगळं होतं, घरी करता येईल असा हिशेब पुढे दाखवते). ऐकायला कमी येत असेल तर २. गेल्या सहा महिन्यांत एकदा जरी पडले असतील तर ३. थोडं अंतर चालणंही अवघड असेल तर २. गोळ्या घ्यायला दुसऱ्याची मदत लागत असेल तर १. आजारपणामुळे लोकांत मिसळणं कमी झालं असेल तर १. पचनसंस्थेच्या किंवा मूत्रमार्गाच्या कॅन्सरला आणखी २ असतात, ते लिम्फोमाला लागू नाहीत. त्या अभ्यासात ५ पर्यंत गुण असलेल्यांपैकी ३० टक्क्यांना, ६ ते ९ वाल्यांपैकी ५२ टक्क्यांना आणि १० किंवा त्याहून जास्त गुण असलेल्यांपैकी ८३ टक्क्यांना गंभीर त्रास झाला.

आता त्या आजींचे गुण मोजा. वय २, पूर्ण डोस २, अनेक औषधं २, मूत्रपिंड ३, कान २, पडणं ३, गोळ्या सून काढून देते म्हणून १. झाले १५. आमच्या हातात त्या दिवशी फक्त वय, डोस आणि औषधं होती, म्हणजे ६. उरलेल्या ९ पैकी ६ घरी होते, आणि मूत्रपिंडाचे ३ आमच्याच कागदात लपले होते.

प्रश्न विचारायचे कसे, यावर सगळं अवलंबून आहे. आपल्याकडची वयस्क माणसं दवाखान्यात "व्हय, व्हय" म्हणून मान डोलावतात. कधी ऐकू आलेलं नसतं. कधी प्रश्न कानडीत किंवा अर्धा इंग्रजीत असतो. आणि बऱ्याचदा डॉक्टरांपुढे आपण कमजोर दिसू नये असं त्यांना वाटतं. ज्या माणसाने उभा जन्म उसाच्या फडात काढला तो "चालता येतं का?" या प्रश्नाला "चालतो की!" असंच म्हणणार. म्हणून घरी, चहाच्या वेळी, गोष्टी विचारल्यासारखं विचारा. "पडला होता का?" असं न विचारता "कधी पाय घसरला, तोल गेला, खाली बसायला लागलं असं झालं का?" असं विचारा. घसरून बसणं हे लोक पडण्यात धरत नाहीत. "देवळापर्यंत एकट्याने शेवटचं कधी गेला होता?" या एका प्रश्नात चालणं आणि लोकांत मिसळणं दोन्ही कळतं. भजनाला जाणं सुटलं असेल तर का सुटलं, तेही विचारा.

कान ऐकण्याचा केमोशी काय संबंध, असं वाटेल. एक तर तो शरीर एकूण किती थकलंय याची खूण आहे. शिवाय ज्याला ऐकू येत नाही त्याला "ताप आला तर लगेच फोन करा" हेही ऐकू आलेलं नसतं.

मग तीन गोष्टी मोजा. मोबाईलमधलं घड्याळ पुरे.

चाल: सोप्यापासून माजघराकडे चार मीटर टेपने मोजून खडूने दोन रेघा मारा. नेहमीच्या चालीने चालायला सांगा, काठी असेल तर काठीसकट. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद आहे. २०१९ मध्ये बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी ७५ वर्षांवरच्या, रक्ताचे आणि लसिकाग्रंथींचे कॅन्सर असलेल्या रुग्णांची चाल अशीच चार मीटरवर मोजली होती. चाल जितकी मंद तितका अचानक ॲडमिट व्हायचा आणि दगावण्याचा धोका जास्त निघाला, आणि हा संबंध सगळ्यात ठळक दिसला तो नॉन-हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांत (वरचा डिफ्यूज लार्ज बी-सेल हाही त्यातलाच).

उठणं: हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसायला सांगा. पंधरा सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा हात टेकावेच लागले, तर मांड्यांत बळ राहिलेलं नाही. शेजारी उभे राहा, पडू देऊ नका.

वजन: आजचं वजन आणि तीन महिन्यांपूर्वीचं. जुनं वजन माहीत नसेल तर बांगड्या बघा. मनगटावर बसणाऱ्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, ब्लाऊज सैल झालं, तर वजन उतरलंय. तीन महिन्यांत तीन किलोपेक्षा जास्त उतरणं ही गंभीर खूण. पायावर सूज असेल तर काटा फसवतो, वजन आहे तेवढंच दिसतं आणि मांस मात्र झडलेलं असतं. अशा वेळी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन किती आहे ते विचारा.

विसराळूपणा हा नाजूक विषय आहे, पण टाळू नका. दवाखान्यात तीन शब्द लक्षात ठेवायला आणि घड्याळ काढायला सांगतात. ज्या आजीने कधी पेन्सिल धरली नाही तिला घड्याळ काढायला लावून काय कळणार? तिला शंभराची नोट देऊन सदतीस रुपयांची भाजी घेतली तर किती उरले ते विचारा, आज वार कुठला, काल रात्री भाकरीबरोबर काय होतं ते विचारा. आधीच गोंधळ होत असेल तर स्टिरॉइडच्या दिवसांत तो वाढून रात्री बडबड, उठून बाहेर जाणं असं होऊ शकतं. हे आधी माहीत असलं की घरचे घाबरत नाहीत आणि दाराला कडी लावून कोणीतरी जवळ झोपतं.

आणखी एक बारीक गोष्ट. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, असं होतं का? मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या नसा बऱ्याचदा आधीच गेलेल्या असतात. तिथे व्हिनक्रिस्टीन मिळालं की दोन डोसांत चालणं डगमगतं. डॉक्टरांना हे आधी कळलं तर ते मात्रा कमी ठेवू शकतात.

तिसरी पायरी: मूत्रपिंडाचा हिशेब

हा हिशेब प्रत्येक घराने करावा असं मला मनापासून वाटतं, कारण रिपोर्टवरचा "नॉर्मल" शब्द बारीक चणीच्या म्हाताऱ्या माणसांना फार फसवतो. क्रिएटिनीन स्नायूंतून येतं. स्नायूच झडले असतील तर मूत्रपिंड मंदावलं तरी आकडा चढत नाही.

१४० मधून वय वजा करा. आलेल्या आकड्याला किलोतल्या वजनाने गुणा. त्याला ७२ गुणिले क्रिएटिनीन याने भागा. बाई असेल तर शेवटी ०.८५ ने गुणा. आजींचं बघा: १४० वजा ७४ म्हणजे ६६. ६६ गुणिले ४२ म्हणजे २,७७२. भागिले ७२ म्हणजे ३८.५. गुणिले ०.८५ म्हणजे जवळपास ३३. खूण नसलेल्या १.० च्या मागे ३३ लपलेले होते. हा आकडा फाईलच्या पहिल्या पानावर पेनने लिहा.

चौथी पायरी: गोळ्यांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा आणि पिशवीच दवाखान्यात न्या. यादी नको, कारण यादीत लोक "खऱ्या" गोळ्याच लिहितात. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली गोळी, झोपेची गोळी, वैद्यांचा काढा, जावयाने गोव्याहून आणलेलं टॉनिक, सगळं पिशवीत हवं. दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाला मारतात. बीपीची गोळी उलट्या-जुलाबांच्या दिवसांत चालू राहिली तर बीपी फार उतरतं. बुरशीवर देतात त्या इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या व्हिनक्रिस्टीनचा नसांवरचा घाव वाढवतात. गजकर्णासाठी ही गोळी आपल्याकडे सर्रास घेतली जाते आणि तिचा उल्लेख कोणीही करत नाही. काढ्याबद्दल मला भांडायचं नाही. पण केमोच्या काळात तो बंद ठेवावा, कारण त्यात काय आहे हे कळल्याशिवाय कोणीच अंदाज देऊ शकत नाही.

मिश्री लावायची सवय असेल, किडलेले दात असतील, तर दातांच्या डॉक्टरांना आधी दाखवा. तोंड येईल तेव्हा ते तिथूनच सुरू होईल.

पाचवी पायरी: लपून बसलेले आजार

केमो आणि स्टिरॉइड प्रतिकारशक्ती खाली आणतात आणि शरीरात वर्षानुवर्षं झोपलेले आजार जागे होतात. तीन गोष्टी विचाराच.

कावीळ बी. रिटुक्सिमॅब देण्याआधी हिपॅटायटिस बी च्या दोन तपासण्या लागतात: एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. पहिली बहुतेक ठिकाणी होते, दुसरी राहून जाते. जुना संसर्ग फक्त दुसरीत दिसू शकतो. निघालाच तर रोजची एक गोळी देऊन लिव्हर वाचवता येतं, आणि ती गोळी केमो संपल्यावरही बरेच महिने चालू ठेवावी लागते.

क्षयरोग. आपल्याकडे मानेतली गाठ दिसली की बऱ्याचदा आधी टीबीची औषधं सुरू होतात आणि महिने जातात. कधी दोन्ही आजार एकत्रही असतात. पूर्वी टीबी झाला होता का, घरात कोणाला होता का, हे सांगा. टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर ते स्टिरॉइड आणि व्हिनक्रिस्टीन दोन्हींचा असर बदलतं.

जंत. हे शहरातल्या डॉक्टरांना पटकन सुचत नाही. अनवाणी भातरोपणी केलेल्या माणसाच्या आतड्यात स्ट्राँगिलॉइडिस नावाचा जंत वर्षानुवर्षं राहू शकतो आणि स्टिरॉइड मिळालं की अंगभर पसरतो. "रुग्णाने चाळीस वर्षं चिखलात अनवाणी काम केलंय" एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगा.

हृदयासाठी टूडी इको लागतो. बायपास झाली असेल, पाय सुजत असतील, तर ते इकोच्या आधी सांगा.

सहावी पायरी: डॉक्टरांसमोर

एक पान लिहून न्या, दोन नको. वरच्या आकड्यांत जे वाईट आहे ते पहिल्या ओळीत. मग विचारा: "हे पाहून उपचारात काय बदलता येईल?" बदलता येतं ते बरंच आहे.

पहिल्या डोसाआधी आठवडाभर फक्त स्टिरॉइड देऊन शरीर सावरून घेता येतं. त्याला प्रीफेज म्हणतात. वयस्कांत पहिला डोसच सगळ्यात धोक्याचा असतो, आणि अंथरुणाला खिळलेला माणूस या आठवड्यात उठून बसलेला मी कितीदा पाहिलाय. गाठी मोठ्या असतील तर त्या एकदम विरघळून युरिक ॲसिड आणि पोटॅशियम चढू नये म्हणून गोळी आणि सलाईन आधीच सुरू करता येते. पांढऱ्या पेशी वाढवायचं इंजेक्शन पहिल्या डोसापासूनच देता येतं, ताप यायची वाट बघावी लागत नाही.

आणि मात्रा कमी करता येते. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये ८० वर्षांवरच्या रुग्णांना 'मिनी-चॉप' दिलं होतं. रिटुक्सिमॅब पूर्ण, डॉक्सोरुबिसिन निम्मं आणि इतर औषधंही कमी. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष आले तेव्हा दोन वर्षांनी ५९ टक्के रुग्ण हयात होते. म्हणजे ऐंशी ओलांडली म्हणून हात टेकायची गरज नाही. पण उलटही लक्षात ठेवा. ७० वर्षांचा धडधाकट माणूस असेल तर "वय झालंय, हलकाच डोस द्या" असा आग्रह धरू नका. बरा होण्यासारखा आजार हलक्या डोसाने हातचा जाऊ शकतो. जन्मतारीख आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंदाज ताकदीवरून बांधायचा असतो.

असं पान घेऊन गेल्याने डॉक्टर चिडतील ही भीती सोडा. २०२१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ७० वर्षांवरच्या, पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात लिम्फोमाचे रुग्णही होते. जिथे डॉक्टरांच्या हातात अशी माहिती आणि सूचना दिल्या, तिथे गंभीर त्रास ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आला, आणि त्यामुळे आयुष्य काही कमी झालं नाही.

पैशांचं थोडक्यात: बीपीएल कार्डावर कर्नाटकाची आरोग्य योजना, आणि सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा २०२३ चा निर्णय, या दोन्हींची चौकशी बायोप्सीचा कागद हाती आला त्याच दिवशी करा. डोस सुरू झाल्यावर धावपळीला अंगात त्राण उरत नाही.

सातवी पायरी: एकवीस दिवसांचं कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. डोसाचा दिवस म्हणजे १.

१ ते ५: स्टिरॉइडचे दिवस. रुग्ण एकदम ताजातवाना दिसतो, भूक लागते, बोलतो फार, झोपत नाही. पाहुणे याच दिवसांत येतात आणि कुंदा, म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई, घेऊन येतात. मधुमेह असो वा नसो, या दिवसांत शुगर तपासा. गोळ्या सकाळीच, नाश्त्यानंतर. पाणी भरपूर, आणि रात्री लघवीला उठायला लागलं तरी उठवा. पेशींचं इंजेक्शन ठरलं असेल तर ते डोस संपल्यावर एक दिवसाने सुरू होतं. ते फ्रीजमधलं औषध आहे. गावी नेताना बर्फाच्या डब्यात न्या, पण बर्फाला चिकटवू नका, गोठलं तर वाया जातं. ते टोचणार कोण, गावातल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टर की आणखी कोणी, हे निघण्याआधी ठरवा.

३ ते १०: संडासची नोंद रोज. दोन दिवस झाली नाही तर तिसऱ्याची वाट बघू नका. पोट फुगलं आणि वारा सरत नसेल तर ते व्हिनक्रिस्टीनमुळे आतडं सुस्तावल्याचं लक्षण असू शकतं. त्या वेळी घरगुती जुलाब देऊ नका, फोन करा.

६ आणि ७: स्टिरॉइड थांबलं की माणूस एकदम गळतो. घरचे म्हणतात "कालपर्यंत चांगल्या होत्या." हे अपेक्षित आहे. या दोन दिवसांत पडण्याचा धोका मोठा, म्हणून बाथरूमला एकट्याने पाठवू नका.

७ ते १४: हे दिवस लाल पेनने रंगवा. पांढऱ्या पेशी तळाला जातात. रोज दोनदा तोंडात थर्मामीटर. १००.४ च्या वर ताप टिकला किंवा एकदा जरी १०१ दिसला तर लगेच निघायचं, सकाळची वाट बघायची नाही. तापाची गोळी आधी देऊ नका, ती ताप झाकते. आणि हे ठळक लिहून ठेवा: म्हाताऱ्या माणसाला संसर्ग होऊनही ताप येत नाही, असं होतं. अचानक गोंधळणं, जेवण नको म्हणणं, हातपाय गार पडणं, उठता न येणं, हेसुद्धा तापाइतकंच समजा. रक्ताचा रिपोर्ट आला तर एकूण पांढऱ्या पेशींना त्यातल्या न्यूट्रोफिल या प्रकाराच्या टक्क्याने गुणा: १,४०० पेशी आणि २० टक्के म्हणजे २८०. पाचशेच्या खाली असताना ताप म्हणजे तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. या आठवड्यात गोठा झाडणं, शेणाला हात लावणं, लग्नाला जाणं, सगळं बंद. पाणी उकळलेलं, अन्न ताजं शिजवलेलं, नाचणीची आंबील असेल तर त्याच दिवशीची.

१५ ते २१: अंगात हळूहळू बळ येतं. केस याच सुमाराला गळायला लागतात. आधीच सांगून ठेवा.

डोस कुठेही घ्या, बेळगावात, हुबळीत, कोल्हापुरात, मिरजेत. पण तापाचा दवाखाना जवळचा हवा. कणकुंबी-जांबोटीकडचं घर असेल आणि श्रावणाचा पाऊस असेल तर लाल रंगवलेला आठवडा शहरातल्या नातेवाइकाकडे काढणं शहाणपणाचं. रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार, त्या माणसाचं नाव कॅलेंडरवर लिहा आणि त्यालाही सांगा. १०८ चा नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. रुग्णाच्या खिशात इंग्रजीत लिहिलेलं एक कार्ड असू द्या: आजार, औषधं, शेवटच्या डोसाची तारीख, डॉक्टरांचा फोन. रात्रीच्या ड्यूटीवरच्या अनोळखी डॉक्टरला मराठी येत असेलच असं नाही, आणि त्या वेळी घरच्यांना औषधांची नावं आठवत नाहीत.

आठवी पायरी: दुसऱ्या डोसाआधी

पहिला अंदाज आता जुना झाला. पहिल्या एकवीस दिवसांनी जे दाखवलं ते सगळ्या गुणांपेक्षा खरं. पुन्हा वजन, पुन्हा चार मीटर चाल, पुन्हा तो मूत्रपिंडाचा हिशेब. तोंड किती दिवस आलं होतं, संडास किती दिवस अडली, बोटांनी पोलक्याचं हूक लावता येतंय का (नसांचा त्रास सगळ्यात आधी तिथे कळतो), हे त्याच एका पानावर लिहून न्या. डॉक्टर विचारोत न विचारोत, पान टेबलावर ठेवा.

त्या आजींचा दुसरा डोस कमी मात्रेचा होता, सोबत पेशींचं इंजेक्शन, आणि लाल आठवडा भाचीकडे बेळगावच्या शहापुरात. सुनेने जुनी हिशेबाची वही घेतली होती. चौथ्या डोसाच्या दिवशी ती मी उघडली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "वजन ४३. चाल साडेचार सेकंद. गोठ्यात जाते म्हणतात, नको म्हटलं."